खडे काढायचेत ना, मग आधी फिल्टर लावा

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्याकडे दोन वर्षांपासून फिशटँक आहे, दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. त्यात दोन ओरांडा आणि एक ब्लॅक मूर असे तीन गोल्डफिश आहेत. खाली निळे-पांढरे रंगीत खडे आहेत, खड्यांच्या खाली ती प्लास्टिकची भोकांची प्लेट आणि त्याला एअर पंप, बाकी दुसरा कुठला फिल्टर नाही. महिन्यातून एका रविवारी मिस्टर सगळं बाहेर काढतात, खडे बाथरूममधे नळाखाली स्वच्छ धुतात आणि पूर्ण नवीन पाणी भरतात. पण त्यानंतर तीन-चार दिवस पाणी पांढरट गढूळ होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत राहतात. गेल्या महिन्यात मोठ्या ओरांडाच्या तोंडात खडा अडकला होता, थोड्या वेळाने त्याने स्वतःच बाहेर टाकला पण तोपर्यंत मुलीने रडून घर डोक्यावर घेतलं. आता ती म्हणते सगळे खडे काढून टाकू, नुसती काच ठेवू. दुकानदार म्हणतो खडे काढले तर मासे आठवड्यात मरतील, बॅक्टेरिया त्यातच असतात. आणि सासूबाईंना मोकळी काच बघवत नाही, वर त्यांचं म्हणणं की वास्तूप्रमाणे नऊ मासे पाहिजेत, आठ सोनेरी आणि एक काळा. काय करू? — एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, मुलीचं बरोबर आहे. गोल्डफिशला खाली खडे लागत नाहीत, नुसत्या काचेवर तो वर्षानुवर्षं छान राहतो, आणि तुमच्या घरात जसं चाललंय ते बघता मी तर म्हणेन खडे काढाच. पण येत्या रविवारी नको. कृपा करून येत्या रविवारी काहीच काढू नका, कारण तुमचा दुकानदार जे म्हणतोय त्यातही अर्धं खरं आहे आणि तेवढ्या अर्ध्या गोष्टीपायी मासे जाऊ शकतात. ती गोष्ट आधी नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांमधून सतत अमोनिया पाण्यात जात असतो, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून आणखी तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो वाहून जातो, पसरून जातो, पण साठ-सत्तर लिटर पाण्यात तो जाणार कुठे? त्याने कल्ले भाजतात. मग एका प्रकारचे बॅक्टेरिया हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, ते रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, म्हणजे पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. आणि मग दुसरे बॅक्टेरिया त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे सगळे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, ते कशाला तरी चिकटून राहतात आणि त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणजे ऑक्सिजन मिळत राहतो. चिकटायला जागा कुठलीही चालते, स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा, बायोबॉल म्हणजे प्लास्टिकचे जाळीदार गोळे, खडे, लाकूड, अगदी टाकीची काच सुद्धा. त्यांना फक्त जागा आणि वाहतं पाणी पाहिजे.

आता तुमच्याकडे ती जागा कुठली आहे बघा. खड्यांखालची प्लेट म्हणजे अंडरग्रॅव्हल फिल्टर. एअर पंपचे बुडबुडे नळीतून वर जाताना प्लेटखालचं पाणी वर ओढतात, त्यामुळे टाकीतलं पाणी खड्यांमधून खाली झिरपत राहतं आणि खड्यांवर बसलेले बॅक्टेरिया ते साफ करतात. म्हणजे तुमच्या टाकीत खडे हाच फिल्टर आहे, प्लेट फक्त पाणी ओढायचं काम करते! आपल्याकडे कितीतरी वर्षं हीच पद्धत घरोघर होती, स्वस्त पडायची, आवाज कमी, त्यामुळे 'खड्याशिवाय टँक चालत नाही' हे दुकानदारांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि या पद्धतीपुरतं ते खरंही आहे. उद्या तुम्ही खडे काढून नुसती प्लेट आणि एअर पंप ठेवलात तर टाकीत फिल्टर म्हणून काहीच उरणार नाही.

आणि आता हे पण बघा, तुम्ही न कळत दर महिन्याला तेच करताय. खडे नळाखाली धुतले की महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन त्या बॅक्टेरियांना मारतं, जे वाचतात ते घासण्यात जातात, आणि वर सगळं पाणी नवीन. म्हणजे रविवारी संध्याकाळी टाकी दिसायला लख्ख पण आतून अगदी कोरी, आणि त्यात तीन मासे अमोनिया सोडतायत. ते पांढरट गढूळ पाणी म्हणजे घडी विस्कटल्यावर दुसरेच जंतू भराभर वाढतात त्याचा ढग असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते भुकेने नाही, त्यांना श्वास घेता येत नाहीये. मिस्टरांना दोष देऊ नका, त्यांनी मनापासून मेहनत केलीय आणि बहुतेक घरांत असंच करतात, पण पूर्ण धुणं आजपासून बंद. अगदी आजपासून.

मग करायचं काय ते सांगते.

आधी एक स्वतंत्र फिल्टर आणा. गोल्डफिशसाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो स्पंज फिल्टर, दोन स्पंजवाला मोठा घ्या, तो तुमच्याच एअर पंपवर चालेल पण पंपला दोन आउटलेट हवेत, नसतील तर नळीला दोन फाटे पाडणारा टी जोड लावा नाहीतर दुसरा पंप घ्यावा लागेल. जमलं तर बरोबर एक टॉप फिल्टर, म्हणजे टाकीच्या वर बसणारा, किंवा काचेला बाहेरून अडकवायचा फिल्टर पण घ्या, कारण गोल्डफिश घाण खूप करतो, स्पंज एकटा बॅक्टेरियाचं काम छान करतो पण तरंगणारा कचरा ओढायला कमी पडतो. दुकानात विचारताना 'दोन फुटी टँकसाठी' असं म्हणू नका, 'गोल्डफिशसाठी' म्हणा आणि डब्यावर लिहिलेल्या टाकीपेक्षा एक साइज मोठा घ्या, टाकीतलं सगळं पाणी तासाला निदान चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. फक्त प्रवाह फार जोरात नको, ओरांडा आणि मूर दोघंही अंगाने गोल आणि शेपटी लांब, त्यांना जोराच्या पाण्यात पोहताना दमायला होतं.

हा नवीन फिल्टर जुन्या खड्यांच्या सोबत, त्याच टाकीत, चार ते सहा आठवडे चालू ठेवायचा. रात्रंदिवस, बंद करायचा नाही. या काळात बॅक्टेरिया हळूहळू नव्या स्पंजवर वस्ती करतात. घाई असेल तर मूठभर जुने खडे, न धुता, एका जाळीच्या पिशवीत भरून नव्या फिल्टरच्या आत किंवा अगदी शेजारी ठेवा, दह्याला विरजण लावतो तसं हे काम करतं. कांद्या-बटाट्याची ती बारीक जाळीची पिशवी असते ना, स्वच्छ धुतलेली असेल तर ती चालते.

त्यानंतर खडे काढायला घ्या, पण एकदम नाही, आठवड्याला एक तृतीयांश. डाव्या बाजूचे एका रविवारी, मधले पुढच्या, उजवीकडचे त्याच्या पुढच्या, आणि प्लेट सगळ्यात शेवटी. एक गोष्ट मात्र फार सांभाळा, दोन वर्षांच्या प्लेटखाली जो काळा गाळ साठलेला असतो तो अतिशय वाईट असतो, धुतानाही बऱ्याच वेळा तो खालीच राहतो, आणि खडे हलवले की तो पाण्यात उठतो. म्हणून खडे काढायच्या दिवशी टाकीतलंच पाणी एका मोठ्या टबात घ्या, मासे त्यात ठेवा, त्यात एअर स्टोन (एअर पंपच्या नळीच्या टोकाला लावायचा बुडबुड्यांचा दगड) सोडा, वरून जाळी किंवा टॉवेल टाका म्हणजे उडी मारणार नाहीत, आणि मग निवांत खडे काढा, पाइपने गाळ ओढून घ्या, पाणी स्वच्छ भरा, तासाभराने मासे परत सोडा. फिल्टर तेवढा वेळ कोरडा पडू देऊ नका, तो पण बादलीत टाकीच्याच पाण्यात चालू राहू दे.

या सगळ्या काळात खाणं निम्मं करा, आणि अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट किट आणा, थेंबांची मिळते ती, पट्ट्यांपेक्षा बरी. दोन दिवसाआड बघत जा. दोन्ही शून्य पाहिजेत. जरा जरी रंग बदलला तर लगेच तीस-चाळीस टक्के पाणी बदला आणि पुढचे खडे काढायचं थांबवा, दोन आठवडे उशीर झाला तर काही बिघडत नाही. नायट्राइट दिसलं तर लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने साधं जाडं खडे मीठ, आयोडीन नसलेलं, पाण्यात विरघळवून थोडं थोडं घाला, मिठातलं क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइट आत जाऊ देत नाही. हे फक्त तेवढ्यापुरतं, कायम मीठ घालत बसायचं नाही. आणि दुकानदार निळं किंवा पिवळं औषध देईल ते या कामासाठी अजिबात घालू नका, त्यातली बरीच औषधं फिल्टरचे बॅक्टेरिया पण मारतात आणि आपण परत पहिल्या दिवसावर येतो.

आता काच मोकळी झाली. तर सासूबाईंचं म्हणणं पण मी नुसतं उडवून लावणार नाही, कारण मोकळी काच माशाला पण कधीकधी आवडत नाही. टाकीखाली आपण थर्माकोल ठेवतो, तो पांढरा असतो, वरून लाइट पडला की तळ चमकतो आणि माशाला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, काही मासे त्याने बिचकतात, कोपऱ्यात जाऊन बसतात. उपाय अगदी साधा आहे, टाकीच्या खाली बाहेरून गडद निळा किंवा काळा कागद किंवा पातळ फोमची शीट घाला. आता भरलेली टाकी उचलता येणार नाही, उचलायचा प्रयत्न पण करू नका काच तडकेल, पण प्लेट काढायच्या दिवशी टाकी जवळजवळ रिकामी होईल तेव्हा दोघांनी मिळून उचलून शीट सरकवता येईल. मागच्या काचेला पण बाहेरून तोच कागद लावा. गडद पाठीवर सोनेरी रंग इतका खुलतो की सासूबाईंनाच विचारा कसं दिसतंय. काही आठवड्यांनी तळाला शेवाळाचा हिरवट पातळ थर येईल, तो खरवडून काढायची गरज नाही, मासे तो दिवसभर कुरतडत बसतात आणि प्रतिबिंबही जातं.

आणि सासूबाईंना हे पण सांगा की ही काही नवीन फॅशन नाही. गोल्डफिश मूळचा चीनचा, हजार वर्षांपूर्वी सोंग राजवटीच्या काळात लोक तो तळ्यांमधे पाळायला लागले, नंतर चिनी मातीच्या मोठ्या कुंड्यांमधे ठेवायला लागले, वरून बघायचे. जपानमधे रांचू जातीचा गोल्डफिश पाळणारे लोक आजही उथळ हौदांत, टबांत ठेवतात, तळाला एक खडा नसतो, कारण त्यांना रोज तळ साफ करता आला पाहिजे आणि मासा वरून नीट दिसला पाहिजे. काचेची टाकी आणि तळाला खडी हा प्रकार एकोणिसाव्या शतकातला, लंडनच्या प्राणीसंग्रहालयात १८५३ मधे लोकांना बघायला पहिलं मत्स्यालय उघडलं त्याच्या आगेमागे तो युरोपातल्या घरांत पसरला. म्हणजे माशाच्या हिशोबाने मोकळा तळच जुना.

पण एक गोष्ट खडे काढल्यावर खरंच हरवते आणि ती मला महत्त्वाची वाटते. गोल्डफिश हा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला, कार्प. त्याचा स्वभावच आहे दिवसभर तळ चाळायचा, तोंडात मावेल ते घ्यायचं, आत घोळवायचं, खाण्यासारखं ठेवायचं आणि बाकी फुंकून टाकायचं. तुमच्या ओरांडाच्या तोंडात खडा गेला तो याच सवयीने, आणि ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारे खडे नेमके तोंडात जातील पण सहज बाहेर येणार नाहीत अशाच साइजचे असतात. खडे काढले म्हणजे धोका गेला, पण चाळायची हौस कुठे जाणार? नुसत्या काचेवर मासा कंटाळतो, मग दुसऱ्याची शेपटी कुरतडतो, खाण्यासाठी सारखा काचेशी येतो. म्हणून त्याला काहीतरी काम द्या. नदीतले गुळगुळीत गोटे, तुमच्या मुठीएवढे, चार-पाच, म्हणजे तोंडात जायचा प्रश्नच नाही. गोदावरीचे मिळतील तुम्हाला. ब्रशने घासून त्यावर कडकडीत पाणी ओता, गॅसवर उकळायला ठेवू नका, दगड फुटू शकतो. एका गोट्यावर लिंबू पिळून बघा, फेस आला तर तो चुन्याचा आहे, तो नको. बांधकामाच्या वाळूतले शंख-शिंपले, संगमरवराचे तुकडे हे पण नकोत, पाण्याचा जडपणा वाढवत राहतात.

आणि एक उथळ काचेचं किंवा मातीचं ताट घ्या, त्यात अर्धा इंच बारीक चाळलेली, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली नदीची वाळू घाला आणि टाकीच्या एका कोपऱ्यात ठेवा. बारीक वाळू तोंडात अडकत नाही, कल्ल्यांतून बाहेर पडते. मासे त्या ताटात तासन्‌तास चाळत बसतात आणि तुमच्या मुलीला ते बघायला फार आवडेल. साफ करायचं झालं तर ताट उचलायचं, वाळू धुवायची, परत ठेवायचं. मला कोणी विचारलं की सगळीकडे वाळू टाकू का तर तीन-चार फुटी टाकीत, चांगला फिल्टर असलेल्या माणसाला मी हो म्हणते, पण तुमच्या दोन फुटी टाकीत नको, आधी घडी बसू दे.

झाडं पण लावता येतात हो, खडे नसले तरी. अनुबियस आणि जावा फर्न या दोन झाडांना जमिनीत पुरावं लागत नाही, उलट त्यांचं आडवं जाड खोड पुरलं तर कुजतं, ती लाकडाला किंवा गोट्याला दोऱ्याने बांधायची. पानं जाड आणि कडवट असतात म्हणून गोल्डफिश सहसा खात नाही. मनी प्लांटची एक वेल टाकीच्या मागे ठेवा आणि फक्त मुळं पाण्यात सोडा, ती नायट्रेट शोषून घेते आणि बघता बघता हॉलभर पसरते, सासूबाईंचं 'मोकळं मोकळं दिसतंय' हे म्हणणं त्यानेच मिटेल असं मला वाटतं. पानं पाण्यात बुडू देऊ नका आणि मासे मुळं कुरतडायला लागले तर मुळांभोवती जाळी लावा. हायड्रिला ही पाणवनस्पती मिळाली तर खायला म्हणून टाका, दोन दिवसात फस्त होईल. प्लास्टिकची टोकदार झाडं आणि ते शंख-राजवाडे काढूनच टाका, ब्लॅक मूरचे डोळे बाहेर आलेले असतात आणि त्याला दिसतंही कमी, आपटून डोळा जातो.

रोजचं काम किती वाढेल ते पण सांगते, कारण 'खडे नाहीत म्हणजे सफाई नाही' असं काही जण समजतात. विष्ठा आता डोळ्यांना दिसेल, आधी ती खड्यांत लपत होती. फिल्टरचा प्रवाह असा ठेवा की कचरा एका कोपऱ्यात गोळा होईल, मग एअर पंपच्या नळीपेक्षा जरा जाड पाइपने दिवसाआड तेवढा कोपरा ओढून घ्यायचा, पाच मिनिटांचं काम, एखादी बादली पाणी जातं, ते कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात (मीठ किंवा औषध घातलेलं असेल तेव्हा मात्र नको). आठवड्यातून एकदा चाळीस टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन घाला, किंवा चोवीस तास उघड्या बादलीत एअर स्टोन लावून ठेवा. आणि नाशिकमधे एप्रिल-मेमधे गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी थेट घालू नका, ते चटका बसेल इतकं गरम असतं, रात्री किंवा पहाटे भरून ठेवा. स्पंज दोन-तीन आठवड्यांनी काढायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-चार वेळा पिळायचा, बस्स. नळाखाली कधीच नाही. मिस्टरांना हे एक वाक्य फिल्टरवर चिकटवून ठेवायला सांगा.

उन्हाळ्याचं आणखी एक. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, अठरा ते चोवीस डिग्रीत तो सगळ्यात सुखात असतो, त्याला हीटर लागत नाही. पाणी जितकं तापतं तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमधे साधारण ९ मिलिग्रॅम तर ३० डिग्रीला साडेसातच, आणि तेव्हाच माशाला मात्र जास्त लागतो. म्हणून उन्हाळ्यात एअर पंप कधीच बंद नाही, टाकीवर ऊन नको, झाकण थोडं उघडं आणि त्यावरून लहान पंखा. लाइट जाते तेव्हासाठी एक बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा. यात सुद्धा मोकळा तळ बरा, कारण अंडरग्रॅव्हलचा पंप काही तास बंद पडला की खड्यांतला गाळ आतल्या आत सडायला लागतो आणि लाइट आल्यावर ते सगळं टाकीत येतं.

खाण्याबद्दल थोडक्यात, गोल्डफिशला खरं पोट नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा चिमूटभर द्यायचं, दोन मिनिटांत संपेल एवढंच, बुडणारे पेलेट्स क्षणभर भिजवून. आठवड्यातून दोनदा उकडलेला मटार, साल काढून, किंवा वाफवलेला पालक. मोकळ्या काचेवर उरलेला दाणा लगेच दिसतो, तो लगेच काढता येतो, मला या पद्धतीतलं सगळ्यात आवडतं ते हेच.

तोंडात खडा अडकला आणि सुटत नसेल तर काय करायचं हे पण लिहून ठेवते, अजून दोन महिने खडे आहेत तुमच्याकडे. मासा तोंड मिटू शकत नाही, खात नाही, सारखा जांभई दिल्यासारखं करतो. थोडा वेळ वाट बघा, बहुतेकदा सुटतो. नाहीच सुटला तर हात ओले करून मासा पाण्यातच अलगद धरा, तोंड खालच्या दिशेला आणि गळ्याखाली बोटाने मागून पुढे हलकासा दाब द्या, खडा सरकतो. चिमटा वापरायचा तर बोथट टोकाचा आणि माशांची सवय असलेल्या माणसाकडूनच.

राहिला नऊ माशांचा विषय. ताई, इथे मी सासूबाईंच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण नऊ गोल्डफिश या टाकीत नको म्हणजे नको. तुमची टाकी काठोकाठ भरली तर सत्तर लिटरची, प्रत्यक्षात साठच धरा. ओरांडा आणि मूर नीट वाढले तर शेपटीसकट सहा-आठ इंचांचे होतात. तीन माशांनाच ही टाकी अपुरी आहे, पुढेमागे तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी साधारण १९० लिटरची घेता आली तर खूप बरं होईल. आपल्याकडे असं म्हणतात की टाकीतला मासा मेला म्हणजे त्याने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं, आणि मग त्याच्या जागी दुसरा आणून ठेवतात. खूप घरांत मी हे ऐकते आणि मला फार वाईट वाटतं, कारण तो मासा अमोनियाने कल्ले भाजून गेलेला असतो आणि त्याच पाण्यात दुसरा जातो. सासूबाईंशी भांडू नका. त्यांना सांगा की नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो, तुमच्या नातीचं लग्न होईपर्यंत हेच तीन मासे घरात असू शकतात, दोन सोनेरी एक काळा, रंग तर तेच आहेत. आणि मटार सोलायचं, पालक वाफवायचं काम त्यांच्याकडे द्या. गोल्डफिश खाणं देणाऱ्या माणसाला ओळखायला लागतो, ती व्यक्ती आली की काचेशी येतो, हे एकदा त्यांनी स्वतः बघितलं की नऊचा आग्रह त्या धरतील असं मला वाटत नाही.

खडे काढल्यावर पहिले तीन-चार दिवस मासे जरा बावरलेले राहिले, तळाशी थांबले, तर घाबरू नका, लाइट कमी ठेवा. पण वर येऊन तोंड उघडझाप, पंख मिटून बसणं, कल्ले लालभडक, यातलं काही दिसलं तर ते बावरणं नाही, लगेच टेस्ट करा आणि निम्मं पाणी बदला, घातलेलं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं.

आणि काढलेले रंगीत खडे दुसऱ्या कुणाच्या टँकसाठी देऊ नका, रंग सुटतो त्यांचा आणि तिथेही एखाद्या माशाच्या तोंडात जातील. कुंड्यांच्या तळाला पाणी निचरा व्हायला ते छान चालतात. प्लेट मात्र टाकून द्या.